अण्णा, हीच टेप ना?

प्रिय ठमे,

पत्र बघून चक्रावशील. एरवी फोनवर तासन्‌तास बडबडणारी तुझी मावशी आज लिहायला कशी बसली? पण हे तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही गं. तुझ्या वडिलांबद्दल, आपल्या अण्णांबद्दल आहे, आणि त्या पुसल्या गेलेल्या टेपबद्दल.

तू तेव्हा शाळेत होतीस. आमच्या हवामान कचेरीत कॉम्प्युटरचं खोलीएवढं यंत्र, आणि त्याचं सगळं करणारे एकटे तुझे अण्णा, आमचे ऑपरेटर. एकाचं काम संपलं की त्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा काढायचा, दुसऱ्याचा घालायचा, टेप बदलायची, पुन्हा सुरू. मधल्या वेळात यंत्र रिकामं बसायचं, ते साहेबांच्या डोळ्यांत खुपायचं. म्हणून मला सांगितलं, असा प्रोग्राम लिही की तो एकामागून एक कामं आपणच उचलेल आणि माणसाला फक्त टेपचा नंबर सांगेल. मी महिनाभर अण्णांशेजारी स्टूल टाकून बसले, त्यांचा हात कुठे कुठे जातो ते वहीत टिपत. आपलीच खुर्ची जातेय हे त्यांना कळत नव्हतं थोडंच! तरी हौसेने शिकवलं, वर डब्यातलं अर्धं मला दिलं. तुमचं बाळ चालायला लागलं की मी सुटलो, म्हणायचे.

बाळ चालायला लागलं आणि चौथ्याच दिवशी पंधरा वर्षांच्या पावसाच्या नोंदींची टेप कोरी झाली. चुकीची टेप लावली, असा ठपका अण्णांवर आला. त्यांना तळघरात टाकलं, कार्डांच्या गोदामात. घरी तुम्ही त्यांना वेंधळे म्हणायचात. तुझी आई तर त्यांच्या हाती दुधाचं भांडंसुद्धा देईना. ते नुसते हसायचे, आणि मी मेली समोर बसून चहा प्यायचे.

त्यानंतर मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. टेपवर काही लिहिण्याआधी तो थांबायचा आणि रोमन अक्षरांत विचारायचा, अण्णा, हीच टेप ना? हो म्हटल्याशिवाय पुढे जायचा नाही. अण्णा गेले. दहा-दहा कामं एकदम चालवणारी यंत्रं आली. पण माझा प्रोग्राम काढायची कुणाची छाती होईना, प्रत्येक नव्या यंत्राच्या पोटात तो जसाच्या तसा बसवत गेले. टेपा गेल्या, तरी तो विचारतच राहिला. हे अण्णा कोण, म्हणून नवी मुलं हसायची. एकीने सांगितलं, तो प्रश्न आला की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मी तिला वेड्यात काढलं. मला मात्र दर वेळी त्यांच्या तपकिरीचा वास यायचा.

काल तो प्रोग्राम कायमचा बंद करायला मला मुद्दाम बोलावलं होतं. शेवटच्या कामाला पडद्यावर तोच प्रश्न आला. सगळे टाळ्या वाजवायला उभे. मग मी नाही असं टाइप केलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ठमे, टेप पुसली गेली त्या दिवशी नऊ नंबरची टेप हातात धरून अण्णांनी मला विचारलं होतं, हीच कशी असेल, हिच्यात तर पावसाच्या नोंदी आहेत. मी फणकाऱ्याने म्हटलं, आता डोकं चालवू नका, तो सांगतो ती लावा. त्यांनी लावली. चूक माझ्या प्रोग्रामची होती. यंत्राने छापलेला कागद मी चौकशीआधी फाडून पर्समध्ये कोंबला. अण्णांनी ते पाहिलं, आणि मरेपर्यंत कुणाला एका शब्दाने सांगितलं नाही. तो कागद सोबत पाठवतेय. शाई उडालीय, पण टेप नऊ लावा एवढं वाचता येतं. आईला मोठ्याने वाचून दाखव. मला मावशी म्हणायचं की नाही, ते मग ठरव.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
मावशी