जिवलीच्या मानेतल्या गाठी

मुरबाड, ८ जानेवारी १९४६

वैशाखऱ्याहून देवजी बहिणीला घेऊन दवाखान्यात आला. जिवली, पंचविशीच्या आतली. मानेच्या डाव्या बाजूला गाठीच गाठी. गावाने ठरवूनच टाकलंय — गंडमाळ, म्हणजे क्षय, म्हणजे लागणारा रोग! नवऱ्याने माहेरी आणून सोडली. माहेरच्यांनी खळ्यापलीकडे खोपी बांधून दिली. चार वर्षांची हिरी घरात, आई खोपीत. भाकरी देवजी नेतो, आणि तो एकटाच तिच्याजवळ बसतो.

ती मला एवढंच विचारत होती — "पोरीला कुशीत घेऊ का नको, तेवढं सांगा."

तपासून सांगतो म्हटलं.

९ जानेवारी

सकाळपासून डोक्यात त्याच गाठी. गंडमाळ असती तर एकमेकींना चिकटल्या असत्या, पिकून फुटल्या असत्या. या सुट्या, रबरासारख्या, दुखत नाहीत. ताप आठवडाभर येतो, आठवडाभर दडी मारतो. अंगाला खाज. हॉजकिनचा आजार? पुस्तकात वाचलाय, उभ्या नोकरीत पाहिलेला नाही.

बोलायचं कुणाशी? कंपाउंडर वाल्मिक फक्त हवेवर बोलतो. सौ. पुण्याला, तिला मुरबाड मानवत नाही. मला मानवतं असं कोण म्हणालं!

१४ जानेवारी

एक गाठ काढून मुंबईला तपासायला पाठवायची. मानेतली हवी. पण गळ्यात काळी पोत, आणि ती उतरवायला जिवली तयार नाही. "नवरा जिता हाय माझा. पोत नाय काढायची." ज्या नवऱ्याने गाडीतून उतरवून तोंड फिरवलं त्याच्यासाठी! चिडलो, ओरडलोसुद्धा. ती ढिम्म.

शेवटी जांघेतली काढली. तिथेही हाताला लागत होती, म्हटलं चालेल. बाटली मोटारीने गुप्तेकडे पाठवली. गुप्ते माझा वर्गमित्र, मुंबईत प्रयोगशाळेत असतो.

२ फेब्रुवारी

गुप्तेचं उत्तर — जुनी सूज, त्यावरून काहीच ठरत नाही. मूर्ख मी! इथे जन्मभर अनवाणी चालणाऱ्यांच्या जांघेत गाठी असायच्याच. काटे, भेगा, चिघळलेल्या जखमा. हे मला कळू नये?

देवजीची बायको रखमी आली होती. पायरीवरूनच बोलली, "ठरत नाय तर ऱ्हाऊ दे. पन तवर पोर नाय द्यायची मी तिच्याकडं." तिचं तरी काय चुकलं. हिरीचं न्हाऊमाखू तीच बघते.

५ फेब्रुवारी

रखमीनेच तोड काढली. बाजारातून काळे मणी आणले, दोऱ्यात ओवून आधी जिवलीच्या मनगटाला बांधले, मगच गळ्यातली पोत सोडली. म्हणजे अंग घटकाभरही मण्यांवाचून राहिलं नाही! या निमित्ताने तिने नणंदेला हात लावला. नंतर राख मागून घेतली आणि हात घासघासून धुतले.

मानेतली गाठ निघाली. कापून पाहिली — आत माशाच्या मांसासारखी फिकी. पू नाही.

११ फेब्रुवारी

काही नाही. कुणी आलं नाही.

२६ फेब्रुवारी

गुप्तेकडून त्या गाठीची काचपट्टी आली. हिवतापासाठी मिळालेल्या सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिली. बारक्या पेशींच्या गर्दीत एक भलीमोठी पेशी, तिला दोन केंद्रं, दोन्हींत ठसठशीत ठिपका. घुबड टक लावून बघतं तशी. नक्की! हॉजकिनच!

गुप्ते कळवतो, अमेरिकेत हल्ली याचे तीन प्रकार पाडतात. एक संथ, एक मधला, एक अघोरी. हिचा मधला. म्हणजे दोन वर्षं, फार तर तीन. पण क्षय नाही — लागत नाही! मला आनंद झाला. बाई मरणार हे कळल्यावर आनंद! धावत बाहेर आलो, कुणाला तरी सांगायला. वाल्मिक म्हणाला, "आज वारा पडलाय साहेब."

२८ फेब्रुवारी

वैशाखऱ्याला गेलो. देवजीच्या ओटीवर सगळ्यांसमोर सांगितलं — हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. देवाची शपथ घेतली, देव न मानणाऱ्या मी! मग जिवलीला बाजूला घेऊन उरलेलं सांगितलं. बरा होत नाही. मुंबईला क्ष-किरणांनी गाठी विरतात, पुन्हा येतात. तिने निम्मंच ऐकलं असावं.

"म्हंजी पोरीला घेऊ?"

घे म्हटलं. हिरी आधी रखमीच्या लुगड्यामागे लपली. आईला विसरली होती ती. मग एक एक पाऊल टाकत गेली. मला तिथे उभं राहवेना. परत येऊन एकट्याने भात खाल्ला आणि वाटलं, आपल्याला जवळ घेऊ का, असं कुणी विचारलेलं नाही कधी.

२१ मार्च

जिवली येऊन गेली. मुंबईला जायचं ठरलंय, देवजी सोबत नेणार. वाळलीय. पण हसते! खोपी मोडून लाकडं चुलीत घातली म्हणते. "हिरी झोपेत लाथा मारते हो डाक्टर," असं तक्रारीच्या सुरात सांगत होती, आणि कौतुक काही लपत नव्हतं.

४ एप्रिल

देवजी एकटाच आला. दार लोटून घेतलं, बंडी काढली, हात वर केला. काखेत गाठी. सुट्या, रबरासारख्या. जिवली घरात आली त्याच सुमारास हाताला लागल्या म्हणाला. रखमीलाही दाखवल्या नाहीत.

मी म्हटलं, लागण नव्हे ही. एका आईच्या पोटचे तुम्ही, रक्तातच काही असेल. तिच्याबरोबर तूही किरण घे.

"तुमी सांगाल, पन मानंल कोन? जिवलीपासून झाली म्हनतील. तिला परत भायेर काढतील." बंडी चढवली. "माझ्या काखेत कोन बगतंय? किरन नगं मला. गप ऱ्हा तुमी."

हो म्हटलं.