थेंब घालून उपास

प्रिय ठकू,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती! उपास बंद, रफूचं दुकान बंद आणि आईने सामान बांधून तुझ्याकडे यायचं. तिन्हीला माझा नकार आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

मला काचबिंदू आहे, डोळ्यातला दाब वाढून नस सुकत चाललीय, हे तुला डॉक्टरीणबाईंकडून कळलं. मी लपवलं, चुकलंच. पण आधी मला तरी कुठे कळलं होतं? दुखत नाही, खुपत नाही. टेबलाच्या डाव्या कडेची कात्री रोज खाली पडायची आणि मी मांजराला शिव्या घालायचे. एका गिऱ्हाइकाने कोट परत आणला, डावीकडचं भोक तसंच राहिलं होतं. नवीन भोक पाडून आणलंस म्हणून मी त्याच्याशीच भांडले. आता गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली मात्र मी सोडणार नाही.

निर्जळी उपासाच्या दिवशी मी डोळ्यात थेंब घालत नसे. औषधाची कडू चव घशाशी उतरायची, उपास मोडला असं वाटायचं. आणि दिवस मावळला की तांब्याभर पाणी उभ्या उभ्या, एका दमात! तशीच एकदा तपासायला गेले, तर दाब एकोणतीस, हवा एकविसाच्या आत. बाईंनी कपाळाला हात लावला. पाणी असं गटागटा ढोसलं तरी दाब चढतो म्हणे. मग त्यांनीच शिकवलं, थेंब घातला की डोळ्याचा नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. चव घशात येत नाही. पुढच्या उपासाला थेंब चुकवले नाहीत, पाणी घोट घोट प्यायले आणि हट्टाने पुन्हा मोजायला लावलं. सतरा! तेव्हा उपासाला नावं ठेवू नकोस. तुझे बाबा गेले त्या वर्षापासून तो एक दिवस माझा एकटीचा आहे. त्या दिवशी मला बरं वाटतं, बस्स. तुला पटत नसेल तर न पटो.

खरं तर हे सगळं फोनवरही भांडता आलं असतं. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, असं बाई परवा म्हणाल्या आणि मला तू आठवलीस. गेल्या वेळी आलीस तेव्हा डाव्या चौकटीला दोनदा धडकलीस, ग्लास पाडलास आणि धांदरट आहे झालं म्हणून हसलीस. मीही हसले. तुझ्या तीन अटी वाचल्या, आता माझी एक ऐक. डोळ्यांचा दाब मोजून आकडा कळव. तोवर माझा रोज उपास, अगदी थेंब घालून. कर काय करायचं ते. मी निदान मांजरावर ढकलत होते, ठकू. तुझ्याकडे तर मांजरही नाही.

तुझीच,
हटवादी आई