एक हॉल, तीन पाट्या

सोम., ८ सप्टें.
शोभाच्या पाळणाघराला मंजुरी हवी, म्हणून तपासणीला साहेब येणार. कार्यालय स्वतंत्र पाहिजे म्हणे. माझ्या वरच्या हॉलमध्ये नाममात्र भाड्याने तीन संस्था बसतात: शोभाची मजूर बायांची, बोंडे सरांची गावरान बियाण्यांची आणि मूकबधिर मुलांच्या पालकांची. टेबल एक, वार वाटलेले. मंगरूळपिरात एकट्याने खोली घ्यायची ऐपत एकाचीही नाही. स्वतंत्र कार्यालय मागणाऱ्यांना हे कोण सांगणार?
पाळणाघर भरायचं समाजमंदिरात, पण मंजुरीशिवाय त्याची किल्ली नाही. सोयाबीन काढणीला बाया गेल्या की पोरं धुऱ्यावर, शेताच्या बांधाला. गेल्या वर्षी एकाला विंचू चावला. वाचलं.

गुरु., ११ सप्टें.
बोंडे सरांची युक्ती: "त्या दिवशी आमच्या दोन पाट्या काढून ठेवू ना मॅडम. साहेब गेले का पुन्हा लावू. सारेच करतेत." सारेच करतात, हे त्यांना समर्थन वाटतं. माझ्या छताखाली नाटक नको, म्हटलं. अमरावतीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर खोट्यासाठी गुडघ्यावर बसवायच्या. गुडघे आता गेले, सवय राहिली.
शोभा जाताना: "तुमच्या खऱ्यानं आमचं लेकरू निजते काय, मॅडम?"
उद्धट.

मंगळ., १६ सप्टें.
साहेब उद्या येणार. मी हो म्हटलं नाही. उद्या दिवसभर बहिणीकडे कारंज्याला जाते, एवढंच म्हटलं. दोघांना समजायचं ते समजलं. याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

बुध., १७ सप्टें.
संध्याकाळी परतले. शोभा आणि बोंडे जिन्यावर बसलेले. पाट्या उतरवल्या होत्या, बियाण्यांच्या बरण्या चादरीखाली. साहेबांनी खुशीत चहा घेतला आणि आवक-जावक नोंदवही मागितली.
ती एकच आहे. पत्र कुणाचंही असो, क्रमांक सलग, पुढे लाल शाईत संस्थेचं नाव. हा नियम माझा. माझी सारी नोकरी कोषागारात झाली; तीन वह्या म्हणजे तीन घोळ, हे मीच सगळ्यांना बजावलेलं. साहेबांनी पान उलटलं, एकाखाली एक तिन्ही नावं.
बोंडे: "वही मिटली अन् चष्मा काढला त्यायनं."
शोभा: "पाट्या काढाचं ध्यानात रायलं. वही कोनाच्या बी डोक्यात नाई आली."
माझ्याही नाही. अख्ख्या हॉलमध्ये तेवढीच गोष्ट जागच्या जागी होती मेली.

शुक्र., १९ सप्टें.
पत्र आलं. हॉल फक्त शोभाच्या संस्थेला दिला आहे, असं घरमालकिणीने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं, तेही सात दिवसांत. बोंडे झोळ्या घेऊनच आले. "बरन्या घरी नेतो मी. तुमी सही करून द्या." पालकांनी मात्र विचारलं, आमी कुठी जावं?
वाशिमला साहेबांच्या कार्यालयात फोन केला. हा नियम कोणत्या कागदावर आहे? तिथला बाबू म्हणाला, "पाहून सांगतो, आजी."
आजी!

सोम., २२ सप्टें.
बाबूचा फोन नाहीच. शोभाला प्रतिज्ञापत्राचा मजकूर मीच सांगितला. हॉलमध्ये तीन संस्था बसतात. तपासणीपुरत्या दोन पाट्या काढल्या होत्या. मला हे माहीत होतं, आणि म्हणूनच मी गावाला गेले.
ती टाइप करता करता थांबली. "खरंच टाकू काय?"
"टाक."
सही केली. तिने कागद उचलला, पण गेली नाही.
"अन् नामंजूर झालं तं?"
"मी येते तुझ्याबरोबर वाशिमला. त्यांच्यासमोर बोलते."
"तुमी बोलसान हो, मले माहीत हाये. पन येत्या सोमवारपासून बाया कापणीले चालल्या. पोरं कुठी ठेवू?"
खाली माझी बैठक दिवसभर रिकामी असते. पांढऱ्या खोळींचा सोफा, त्यावर मीही बसत नाही. मी पेनाचं टोपण लावलं. तिचं लक्ष जिन्याखाली, माझ्या बैठकीच्या दाराकडे होतं. मी उठले आणि खोळी काढायला खाली गेले.