नुसता टेकवायचा

गुरुवार, ९ तारीख, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा खोकला थांबला का? इकडे दुकान बंदच आहे, गिऱ्हाइकं दार वाजवून परत जातात.

आईला बरं आहे. म्हणजे, ती परत हॉस्पिटलात आहे. रविवारी पडली. मांडीचं हाड मोडलं, नव्या खुब्याच्या जरा खाली. येत्या सोमवारी सकाळी पुन्हा ऑपरेशन. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी "सगळं छान" म्हणून मोकळी होते, म्हणून हे पत्र शेजारच्या काकांच्या हाती देतेय. ते उद्या तुझ्याच गावी येतायत.

आई डॉक्टरांना सांगते, मांजर आडवं आलं, त्याला चुकवताना पडले. आपल्याकडे मांजर कधी होतं रे? लांबून दिसलं तरी तिला शिंका येतात!

ती पडलीच नाही, दादा.

खुबा बदलला तेव्हा छेद बोटभरच होता ना, त्यानेच घात केला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "हाड ठिसूळ आहे. सहा आठवडे पाय नुसता टेकवायचा, भार सगळा वॉकरवर." मी औषधांच्या पिशवीत डोकं खुपसून बसलेली. ऐकलं ते एवढंच, पाय टेकवायचा. अकराव्या दिवशी ती वॉकर घेऊन मोरीकडे निघाली, तर मी तो हातातून काढूनच घेतला. म्हटलं, "एवढ्याशा टाक्यांचं किती कौतुक करशील? टेकव की पाय चांगला!" तिने टेकवला. माझ्या शब्दावर. दुसऱ्याच पावलाला कट्ट झालं आणि ती माझ्या खांद्याला धरून खाली बसली. तो आवाज अजून कानातून जात नाही.

मी शिंपीण. अस्तराचा अख्खा कोट चार बोटांच्या फटीतून उलटवते. फट लहान म्हणून आतलं काम लहान होत नाही, हे मला कळायला नको?

आज डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं, "नक्की पडलात का?" पडून मोडलं असेल तर तारा-पट्टीवर भागेल. न पडता मोडलं असेल तर नव्या खुब्याचा हाडात ठोकलेला दांडाच सैल झाला असेल, मग तो काढून लांब घालायचा. आईने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मांजर काढलं. बहात्तर वर्षांची बाई, मोडक्या हाडाने मला पाठीशी घालत होती. मला राहवेना. म्हटलं, "डॉक्टर, ते मांजर म्हणजे मी."

ते रागावले नाहीत. म्हणाले, दांडा ठोकतानाच बारीक भेग पडली असेल, छोट्या छेदातून सगळं दिसत नाही. पण भार पडला नसता तर कदाचित ती भरून आली असती. आता लांब दांडा मागवलाय. आईचं हृदय इतकं मोठं ऑपरेशन सोसेल का, विचारलं, तर "बघू" म्हणाले. हो म्हणाले नाहीत. मला फार भीती वाटतेय.

आई सकाळपासून अबोला धरून आहे. एकदाच बोलली, "मांजराने तुझं काय वाईट केलं होतं गं?"

मागच्या वेळी तू रजा टाकून येणार होतास. मीच लिहिलं, छोटंसं तर काम आहे, कशाला येतोस. लहानपणी तू मला घाईबाई म्हणायचास आणि मी चावायला धावायचे. आता म्हण, समोर उभा राहून म्हण, चावणार नाही. पण रविवारपर्यंत ये. छोटंसं काम नाहीये हे.

तुझीच,
घाईबाई