मीठ बंद, मासळी चालू

तीर्थरूप चंदरमामा,

भाची रुपलचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? नुसतं तेल चोळून भागत नसेल तर दाखवा कुणाला तरी. (मला नको. तुम्ही अजून मला "इंजेक्शनवाली" म्हणता.)

इथे तलासरीच्या डोंगरातल्या उपकेंद्रात माझं बरं चाललंय. नर्सपेक्षा जास्त, डॉक्टरपेक्षा कमी अशी ही नोकरी. मी तपासते, बीपी-शुगरच्या गोळ्या देते, आवाक्याबाहेरचं असेल तर पुढे पाठवते. गावाने मला सरळ डॉक्टरीण करून टाकलंय. (मीही फारसा विरोध केला नाही.)

तर इथल्या माझ्या एका पेशंटचं, बायजीचं, बीपी तीन महिने एकशेऐंशीखाली उतरेना. गोळ्या मोजल्या, डोस वाढवला, शेवटी तिच्या चुलीपाशी जाऊन बसले. बघते तर भाकरीबरोबर खारा बांगडा! मी ओरडले, तर ती शांतपणे म्हणाली, "मीठ त कवाच सोडला, बाय. हा त बांगडा हाय." आणि तोही माझ्या आईच्या पाटीवरचा, आपल्या धाकट्या डहाणूचा. माझी पेशंट म्हणून आई दर आठवडी बाजारी तिला दोन जास्तीचे घालत होती. तीन महिने माझ्या गोळ्या आणि आईचे बांगडे एकाच पोटात भांडत होते.

पुढच्या बाजारी मी भर गर्दीत, आईच्या पाटीसमोर उभी राहून बायजीला म्हणाले, "हे विष आहे." आईने तशीच पाटी डोक्यावर घेतली आणि निघून गेली. त्याच पाटीवर माझं नर्सिंग झालंय, मामा. मला फार लाज वाटते. चूक होती माझीच. 'मीठ बंद' म्हणताना खाऱ्या मासळीचं सांगायला मी विसरले, कारण आपल्या घरातही तिला कुणी मीठ समजत नाही.

बायजी आता एकशेचाळीसवर आहे. मामीला नमस्कार.

तुमची,
रुपल

ता. क. आई माझा फोन कापते. पत्र काही कापता येत नाही, म्हणून हे तिला वाचून दाखवा. गुडघ्यापासून सुरुवात करा, म्हणजे संशय येणार नाही.

आणखी एक. दोन वर्षांत हजारेक दंडांना बीपीचा पट्टा बांधला, आईच्या एकदाही नाही. जन्मभर तिनेही तेच खाल्लंय. रविवारी मशीन घेऊन येते. तिला सांगा, बोलायचं नसेल तर नको बोलूस, दंड तेवढा पुढे कर. बीपी मोजताना तसंही बोलायचं नसतं.