ताईच्या पेशी

६ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अ. उ. आ.

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यातलं तुटकं लिगामेंट काढलं आणि मांडीतला एक पट्टा त्या जागी बसवला. काढलेला तुकडा माझ्या परवानगीने तुझ्या प्रयोगशाळेत आलाच असेल. म्हणजे माझ्याआधी माझा गुडघाच तुला भेटला म्हणायचा!

इथे जीव मेटाकुटीला आलाय. पाय वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. मुख्याध्यापिकांचा निरोप आला की नव्या सत्रात मैदानावर उभी राहिले नाही तर मला सामानाच्या खोलीत बसवतील, म्हणजे उरलेली नोकरी चेंडूंत हवा भरण्यात जायची. शाळेच्या मैदानावर मुलांना पळवण्यात जन्म गेला गं माझा.

पेशी भराभर वाढवणारं काहीतरी तुमच्याकडे असतं असं तू म्हणाली होतीस. त्याची एखादी बाटली घेऊन ये. डॉक्टरांना मी पटवते.

तब्येतीला जप. आठवण काढत जा, म्हणजे इथे उचक्या तरी लागतील.

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

बाटली मिळणार नाही, रागावू नकोस. त्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात. पेशींना काय करायचं ते सांगणारी ही प्रथिनं. तुझ्या पेशी मी तीन बश्यांत वाढवतेय. पहिल्या बशीतल्या प्रथिनाने त्या इतक्या वाढल्या की पाय ठेवायला जागा नाही, पण गर्दीच्या नादात लिगामेंटचा धागा विणायचंच विसरल्या. शेवटी सगळा थर तळापासून सुटला आणि गुंडाळून बसला. दुसऱ्या बशीतल्या प्रथिनाने धागा भरपूर विणला, पण मात्रा जरा वाढली की तो जखमेच्या वणासारखा ताठर होतो. तिसरीत काहीच घातलेलं नाही. ती आपली रमतगमत चालली आहे, अगदी तुझ्या उलट.

हे झालं बशीतलं. गुडघ्यात काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं तुझ्या पायात टोचू देणार नाही.

यायचं मनात फार आहे. पण पेशींचं खाणं दिवसाआड बदलावं लागतं, रविवारीसुद्धा. प्रयोगशाळेतली जोडीदारीण रजेवर आहे. डोळे मिटले तरी बश्याच दिसतात. दमलेय गं.

माया आहेच, रागातही कमी करू नकोस.

तुझी,
मुंगी

२३ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझ्या पेशी उपाशी राहू नयेत म्हणून तू रविवारीही धावतेस. त्यांच्या मालकिणीने मात्र काल ओट्याशी उभ्यानेच पाव खाल्ला. दोन्ही हातांत कुबड्या असल्या की चहाचा कपसुद्धा टेबलापर्यंत नेता येत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. चहा तिथेच प्यायचा, कप तिथेच विसळायचा.

व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणतात की सत्रापर्यंत मैदान जमणार नाही. भांडायचंही त्राण नाही.

खरं सांगते, बाटलीचं मला फारसं काही नव्हतं. तू ये असं म्हणायला जीभ रेटेना, म्हणून बाटली मागितली. आई गेल्यावर मी तुला वाढवलं, आता तुझ्याकडे काही मागायचं तर लाज वाटते.

असो. तुझं काम सोडू नकोस. सुखी राहा.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

बश्या आवरल्या. तुझ्या पेशी बारक्या नळ्यांत भरून गोठवून ठेवल्या. इतक्या थंडीत त्या थांबून राहतात. खायला मागत नाहीत, वर्षानुवर्षं वाट बघू शकतात. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, तरी मी तुलाच थांबवून ठेवलं.

आमचे प्रयोगशाळेचे सर चिडले. प्रयोग मध्येच तोडलास तर पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल, म्हणाले. करीन म्हटलं.

मैदानाचं माझ्या हातात काही नाही, ताई. त्या पट्ट्याला वेळ लागेल, आणि तो घाई केलेली चालवून घेत नाही. पण चहा मी टेबलावर आणून देईन. तू बसून पी.

शनिवारी पोचते. माया आहेच. दाराला आतून कडी घालू नकोस, नाहीतर माझ्यासाठी तुला उठावं लागेल.

तुझी,
मुंगी