चालू लिफ्टची देखभाल

१४ जून

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हो-हो करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. काल तुझ्या बायकोकडून कळलं, की रिपोर्ट चांगला आला आणि दुसऱ्याच दिवसापासून तू कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीस. डॉक्टरांना विचारलंस का, तर तेही नाही.

अरे, रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळे! लिफ्ट नीट चालतेय, मग देखभाल कशाला, असं म्हणणाऱ्या इमारतवाल्यांना तू ज्या शब्दांत झोडपतोस, ते शब्द मी लिहू शकत नाही. सिस्टरांच्या शाळेत शिकले आहे. पण आज ते सगळे तुलाच लागू आहेत, एवढं समज.

आपण दोघंही काडीसारखे, म्हणून तुला पटत नाही. अप्पाही काडीसारखेच होते. पन्नाशीसुद्धा गाठली नाही. बुटाची नाडी बांधायला वाकले, ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी तुला सांगितलं ना, की आपल्याकडे हे लोण्यातून कमी आणि घराण्यातून जास्त आलंय? रक्तवाहिन्यांत थर साचत राहतो आणि दुखत-खुपत काहीच नाही.

गोळी लगेच सुरू कर. उत्तर दोन ओळींचं चालेल, पण खरं हवं.

तुझी,
ताई

२२ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीशेजारी बसून वाचलं. बायको फितूर झाली, हे कळलं.

खरं हवं म्हणतेस, तर ऐक. गोळीने माझ्या मांड्या-पोटऱ्या दुखायच्या. मोटारीच्या खोलीची उभी शिडी चढताना पाय भरून यायचे. एकदा मधेच थांबलो, तर खालून वॉचमन विचारतो, काका, लिफ्ट बंद आहे का! रिपोर्ट चांगला आला आणि मला निमित्त मिळालं. डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण पायांचं कंपनीच्या कानावर गेलं तर मला टेबलावर बसवतील. टेबलावर बसून मी काय करू, पेन्सिलींना टोक?

आता तुझं. अप्पा माझ्या एकट्याचे वडील नव्हते. तू रक्त तपासलंस? मागच्या वर्षी विचारलं तेव्हा पुढच्या महिन्यात म्हणाली होतीस. आधी तुझा आकडा कळव, मग मी गोळीचं बघतो.

भाऊजींना नमस्कार. रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
टिल्लू

१० जुलै

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

मोठ्या बहिणीला अटी घालतोस! तुझं तोंड बंद करायचं म्हणून तणतणत गेले आणि रक्त देऊन आले. रिपोर्टचं पाकीट तिथेच जिन्यात उघडलं. माझा आकडा तुझ्या पहिल्या आकड्याच्याही वर आहे.

तुझे भाऊजी कामासाठी बाहेरगावी आहेत. त्यांना सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. काल चमचा पडला, तो उचलायला वाकले आणि अर्ध्यातच थांबले. मग स्वतःवरच चिडले आणि चमचा उचलला.

तुझ्या पायांचं मी औषधांच्या दुकानात विचारलं. ते म्हणाले, असं काहींना होतं. गपचूप गोळी सोडायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. ते ताकद कमी करतात किंवा दुसरी गोळी देतात. तेव्हा तुझं कारण संपलं.

माझं मात्र असं आहे, की मी अजून डॉक्टरांकडे गेले नाही. दोनदा पर्स घेऊन दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तुला वेळ आहे का रे? येतोस?

तुझी,
ताई

१५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

शनिवारी सकाळी तुला न्यायला येतो. माझ्याच डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बॅग लहान भर. तुझी बॅग म्हणजे बिऱ्हाड असतं.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी दवाखाना गाठला आणि पायांचं सांगून टाकलं. डॉक्टर आधी पुष्कळ रागावले, मग रक्त तपासलं, मग दुसरी गोळी दिली, कमी ताकदीची. ती चालू आहे. पुन्हा दुखलं तर त्यांच्याकडे जाईन, मनाने बंद करणार नाही. तुझं ऐकून म्हणाले, बहिणीला आधीच आणायला हवं होतं. दोघांच्या मुलांचीही तपासणी करा म्हणाले, तेव्हा तुझ्या लेकीला सांगावंच लागेल. आपण दोघं मिळून सांगू.

एकच बजावतो. डॉक्टरांसमोर तू गप्प बसायचंस. लहानपणापासून दवाखान्यात माझं दुखणं तूच सांगत आलीस. कुठे, कसं, कधीपासून. मी नुसतं आ करायचो. या वेळी तुझं मी सांगणार. तुला भीती वाटते, हेही सांगणार. ते तू काही सांगणार नाहीस.

लोभ आहेच, तो मागून कशाला घेऊ.

तुझा,
टिल्लू